यंदा कमळपक्षी किती?



रेडिओवाल्या ताईंनी विचारलं, या वेळी कशावर बोलणार? मागच्या वेळी मी गटाच्या हिशोबाच्या वह्यांवर बोलले होते, त्याच्या आधी बाळंतिणीच्या आहारावर. मी म्हटलं, या वेळी पाखरांवर बोलते. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, बोला.

ऐकणाऱ्या कितीतरी जणी आता म्हणतील, हलका धान कापणीला आला, दिवाळी तोंडावर आली, घर सारवायचं राहिलं आणि हिला पाखरं सुचतात! बरोबर आहे. काही वर्षांपूर्वी मीही असंच म्हटलं असतं. पण आमच्या गावच्या तलावाचं जे झालं, आणि त्यात माझी स्वतःची जी चूक झाली, ती सांगायची तर पाखरांपासूनच सुरुवात करावी लागते. कारण ती चूक सगळ्यांत आधी पाखरांवरून कळली. मला नाही कळली. आमच्या गटातल्या एका म्हाताऱ्या आजीला कळली.

आधी हे दिवस कसे असतात ते सांगते. आश्विन लागला की आपल्याकडचे तलाव काठोकाठ भरलेले असतात. भारी धानाला शेवटचं पाणी लागतं, म्हणून तलावाचं पाणी सोडतात. पाणी हळूहळू उतरतं आणि काठाला चिखलाची पट्टी उघडी पडते. त्या चिखलात किडे, गोगलगायी, गवताचं बी असतं. काठाजवळ गुडघाभर पाणी, मध्ये खोल पाणी, वर तरंगणारी पानं. एवढ्या एका तलावात चार तऱ्हेच्या पाखरांचं चार तऱ्हेचं जेवण तयार होतं. आणि नेमकं याच वेळी उत्तरेकडच्या थंड मुलखात पाणी गोठायला लागतं, म्हणून तिकडची पाखरं खाली यायला निघतात.

सगळ्यांत आधी येतो तो धोबी. तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. काठावरच्या दगडावर शेपटी वरखाली आपटत चालतो, जसं आपण कपडे आपटतो तसं. तो दिसला की समजायचं, थंडीचे पाहुणे निघाले. मग येतं भुवई बदक, त्याच्या डोळ्यावर पांढरी भुवई असते. मग चक्रांग, तलवार बदक, थापट्या. तलवार बदकाची शेपटी तलवारीसारखी टोकदार असते आणि थापट्याची चोच पुढे चपटी, उलथन्यासारखी. ही सगळी मंडळी हिमालयापलीकडून, रशिया-सैबेरियाच्या बाजूने येतात. नोव्हेंबर संपता संपता कुठे कुठे पट्टकदंब येतात. राखी रंगाचा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. तो तिबेट आणि मंगोलियाच्या तळ्यांवर पिल्लं काढतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे.

पण पाहुण्यांचंच कौतुक नको. घरची माणसं पण आहेत. अडई आहे, ती उडताना शीळ घालते, संध्याकाळी थवा डोक्यावरून गेला की लहान पोरं शिट्ट्या वाजवतायत असं वाटतं. काणूक आहे, एवढंसं बदक, पाळीवरच्या जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतं. काळा कुळकुळीत वारकरी आहे, कपाळावर पांढरा टिळा, काही लोक त्याला चांदवा म्हणतात. आणि एक बदक आहे, त्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी तांबडा. त्याचं नावच हळदी-कुंकू. हे नाव मी गटात सांगितलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, हे बदक आपलं.

आता कमळपक्षी. हा लांब बोटांचा पक्षी, तरंगणाऱ्या पानांवरून चालतो, म्हणून लांबून वाटतं पाण्यावरूनच चाललाय. पावसाळ्यात त्याला लांबलचक काळी शेपटी असते, आता या दिवसांत ती गळून गेलेली असते, त्यामुळे ओळखायला जरा कठीण. त्याची गंमत अशी, की मादी मोठी असते, अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यावर नर बसतो. पिल्लं नरच सांभाळतो. एका हंगामात ती तीन-चार नरांच्या घरट्यांत अंडी घालते. हे ऐकून आमच्या गटात जे हसणं झालं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

पण हा पक्षी अंडी पानांवरच घालतो. जमिनीवर नाही, झाडावर नाही. पाण्यावर तरंगणारी पानं असतील तरच त्याचं घर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचा तलाव म्हणजे मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव. आपल्या भागात हे नवीन सांगायला नको. पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी उतार पाहून, माती ओळखून, पाळी घालून बांधले. नवेगावचा बांध, ज्यावरून आता अख्खं राष्ट्रीय उद्यान ओळखलं जातं, तोही कोहळ्यांनीच बांधलेला. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आधी गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी भरायची, पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचं, हे गावच ठरवत होतं. नंतर ते काम कागदावर गेलं. धान पिकवणाऱ्यांना तलाव म्हणजे पाणी, धीवर समाजाला तलाव म्हणजे मासोळी, बाकीच्यांना धुणं आणि ढोरं. तलावाकडे पूर्ण पाहणारं कोणी राहिलं नाही.

आता माझी चूक.

मी सहयोगिनी म्हणून नवीन होते. बी.ए. झालेली, दोन-तीन प्रशिक्षणं घेतलेली, त्यामुळे मला सगळं कळतं असं वाटायचं. आमच्या गावात दोन गट धीवर बायकांचे आहेत. त्यांचा मुख्य धंदा म्हणजे काठाकाठाने छोट्या जाळीने झिंगे आणि बारीक मासे धरायचे, थोडे सुकवायचे, बाजारात विकायचे. मोठे मासे पुरुषांच्या संस्थेचे, बारीक मासे बायकांचे, असा न लिहिलेला नियम. त्या वर्षी पाण्याखालचं गवत फार वाढलं होतं. जाळं अडकायचं, फाटायचं. एका बैठकीत कोणीतरी सांगितलं, गवत्या मासा सोडा. तो गवतच खातो, गवत पण जाईल, मासा पण मोठा होईल. सोबत सायप्रिनस पण सोडा, भराभर वाढतो. संस्थेच्या लोकांनाही पटलं. बीज आणायला पैसे कमी पडत होते, तेव्हा मी पुढाकार घेऊन दोन्ही गटांतून अंतर्गत कर्ज काढून दिलं. ठराव मीच लिहिला. अक्षर माझं आहे, वही अजून आहे.

त्या बैठकीत एक आजी मागे बसलेली होती. सत्तरीच्या पुढची, लिहायला येत नाही, अंगठा लावते. ती म्हणाली, "गवत गेलं तं पाखरू बसन कोठं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मी म्हटलं, आजी, आपल्याला पाखरं पाळायची नाहीत, मासे पाळायचे आहेत.

पहिल्या वर्षी छान वाटलं. गवत विरळ झालं, जाळं सरळ ओढता येऊ लागलं. दुसऱ्या वर्षी पाणी गढूळ राहायला लागलं. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी चहासारखं पाणी. सायप्रिनस तळाचा चिखल उकरत राहतो, त्याला खायला तिथेच मिळतं. गवत्याने पाण्याखालचं गवत संपवलं, मग वरची कोवळी पानं धरली. त्या कोजागिरीच्या आसपास आजी मला पाळीवर भेटली. म्हणाली, "बाई, यंदा पानावरचं पाखरू नाई आलं. मी रोज पायतो." मी घाईत होते, प्रभागसंघाची बैठक होती. मी म्हटलं, येईल की आजी.

ते आलं नाही. अडईचा थवा वरून फिरून गेला, उतरला नाही. वारकरी शंभराने असायचे ते आठ-दहा दिसले. आणि पुढच्या उन्हाळ्यात बायकांच्या जाळ्यात झिंगे येणं जवळजवळ बंद झालं. मग माझ्या लक्षात यायला लागलं, तेही हप्ते थकायला लागले तेव्हा. कर्जाच्या वहीत दिसलं तेव्हा मला दिसलं. आजीला सहा महिने आधी पाखरांत दिसलं होतं.

याचं कारण समजून घ्यायला मला वेळ लागला, तुम्हाला सोपं करून सांगते. पाण्याखालचं ते गवत, जे आपल्याला कचरा वाटतं, त्यातच झिंगे राहतात. मरळ, मागूर, बारीक खवल्याचे मासे त्यातच अंडी घालतात, पिल्लं त्यातच लपतात. गवतामुळे पाणी निवळतं. गवत गेलं की लपायला जागा नाही, अंड्यांना आधार नाही. आणि आणखी एक गोष्ट. रोहू, कतला, मृगल, गवत्या, हे मासे आपल्या साचलेल्या तलावात पिल्लं काढत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. म्हणून त्यांचं बीज दर वर्षी विकत आणावं लागतं. आपली मरळ, मागूर, झिंगे, यांना कोणी बीज विकत घेतलं होतं का कधी? ते तलावातच होतात, फुकट होतात. आम्ही फुकटचं घालवलं आणि विकतचं आणलं, तेही कर्ज काढून.

बदकं पण तेच खातात. गवताचं बी, कंद, गवतातले किडे. कमळपक्ष्याचं तर घरच गेलं. म्हणून पाखरं म्हणजे तलावाची हजेरी वही आहे असं मी आता गटांना सांगते. पाण्याखाली काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, पण वर कोण बसलंय ते दिसतं. कमळपक्षी आहे, म्हणजे तरंगणारी पानं आहेत. वारकरी आणि बदकं भरपूर, म्हणजे पाण्याखाली गवत आहे. मुग्धबलाक आहे, तो करकोचा ज्याची चोच मधून मिटत नाही, फट राहते, तर गोगलगायी आहेत. धीवर पक्षी, म्हणजे तोच आपला खंड्या, पाण्यात सूर मारून मासा आणतोय, म्हणजे पाणी इतकं तरी स्वच्छ आहे की त्याला वरून मासा दिसतो. या पक्ष्याला पुस्तकात धीवर म्हणतात हे मी गटात सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, मंग, आमचाच हाय तो.

गढूळ पाण्याच्या वर्षी तोही नव्हता.

मग आम्ही काय केलं? गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि तिथल्या धीवर समाजाच्या लोकांनी मिळून हेच काम आधी करून ठेवलेलं होतं. तलावातलं बेशरम मुळासकट काढायचं, उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून लावायच्या. त्यांच्या तलावांत देशी मासे परत वाढले. आमच्या गटातल्या सात जणी तिकडचे तलाव बघून आल्या. जाताना एसटीत चेष्टा चालली होती, आपण तलावात गवत लावायला शिकायला चाललो म्हणून. येताना आजीच्या पिशवीत ओल्या पोत्यात गुंडाळलेले कंद होते.

बेशरम म्हणजे काय हे भंडाऱ्यात सांगायला नको. जांभळं फूल, काठाला जंगल. ते परदेशातून आलेलं झाड आहे, ढोरं खात नाहीत, तोडलं की दुप्पट फुटतं. आम्ही दोन उन्हाळे खणून काढलं, अजून एका कोपऱ्यात आहे. पाणवनस्पती पहिल्या वर्षी लावल्या त्या अर्ध्या गेल्या, कारण तलावात गवत्या अजून होता. ते आधी सगळे धरून विकावे लागले. संस्थेच्या पुरुषांशी यावर भांडण झालं. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांनी पैसे घातले होते. शेवटी असं ठरलं, की पुढचं बीज आणताना गवत्या आणि सायप्रिनस आणायचा नाही, बाकीचे आणायचे. हे तोंडी ठरलं. लिहून घ्यायला हवं होतं.

आणि त्याच वर्षीच्या दिवाळीपासून आम्ही मोजायला लागलो.

मोजणं म्हणजे काही मोठं नाही. पाच-सहा जणी असतो. आश्विन-कार्तिकात दर पंधरा दिवसांनी, रविवारी, सकाळी उजाडता उजाडता पाळीवर जायचं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरायची, म्हणजे पक्ष्याचा रंग दिसतो, नाहीतर सगळेच काळे दिसतात. भडक लुगडं नको, मातकट, हिरवट चालेल. बोलायचं नाही. हे आमच्या गटाला सगळ्यांत कठीण गेलं. पहिल्या दिवशी एकीने सुनेचं गाऱ्हाणं सुरू केलं आणि सगळी बदकं उठली.

थवा मोठा असेल तर आधी दहा मोजायचे, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं, मग तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते मोजायचं. धानाच्या गंजीवरून किती पोती निघतील हे आपण नजरेने सांगतोच ना, तसंच. दुर्बीण नसली तरी चालतं, काठाजवळचे पक्षी डोळ्यांनी ओळखता येतात. आम्ही दुसऱ्या वर्षी गटाच्या पैशातून एक घेतली, ती ज्या गटाची पाळी असेल त्यांच्याकडे राहते. वहीत तारीख, वेळ, पाणी कुठपर्यंत आहे, आणि पक्षी किती. नाव माहीत नसेल तर कसा दिसतो ते लिहायचं, किंवा पोरांकडून मोबाईलवर फोटो काढून घ्यायचा. शाळेत जाणाऱ्या मुली यात फार पटकन तयार होतात. ई-बर्ड नावाच्या ॲपवर नोंद फुकट टाकता येते, ते मुलीच करतात. आणि दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्यातही आपला तलाव मोजता येतो.

कमळपक्ष्यांचे आकडे तेवढे सांगते. पहिल्या दिवाळीला शून्य. दुसऱ्या वर्षीही शून्य, आणि त्या वर्षी दोघी जणी मोजायला येणं सोडून गेल्या. तिसऱ्या वर्षी तीन. मागच्या वर्षी अकरा, त्यात या पावसाळ्यातली पिल्लं होती, तपकिरी रंगाची, शेपटी नसलेली. झिंगे पूर्वीएवढे अजून नाहीत. पण बाजाराला न्यायला टोपली भरते.

सगळं गोड आहे असं नाही. पाखरं वाढली तसे पाणकावळे पण वाढले. ते मासे खातात, भरपूर खातात. धीवर बायकांपुढे उभं राहून पाणकावळ्याचं कौतुक करून दाखवा म्हणजे कळेल. आमच्याकडे बीज सोडतात त्या कोपऱ्यावर पहिले काही आठवडे पोरं राखण करतात, एवढाच उपाय आहे. पण दुसरी एक गोष्ट मी अजिबात ऐकून घेत नाही. बदकांना जाळं लावणं, किंवा औषध लावलेले दाणे काठाला टाकणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि कायदा राहू द्या, त्याच काठाला आपली शेरडं चरतात, लेकरं खेळतात. आणि तेच बदक कोणाच्या तरी घरी शिजतं. असे दाणे कुठे दिसले तर गटाने गप्प बसू नये.

आता काही जणी विचारतील, यातून गटाला उत्पन्न काय? सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवतात, पर्यटकांना खारफुटी आणि पक्षी दाखवतात, त्यातून कमावतात. आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन नावाच्या बाईंनी तर कमालच केली. तिकडे हरगिला नावाचा मोठा टकला करकोचा आहे, लोक त्याला अशुभ, घाणेरडा मानायचे, घरट्याची झाडं तोडायचे. बाईंनी गावच्या बायकांना जमवलं आणि त्या पाखराचं डोहाळजेवण केलं. आज हजारो बायका त्या कामात आहेत, साड्यांवर, गमछांवर हरगिल्याची नक्षी विणून विकतात. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा मोठा पुरस्कार बाईंना मिळाला. हे ऐकून आनंद होतो. पण मी खरं सांगते, आमच्या गावात पर्यटक येत नाहीत, आणि उद्या येतील असं सांगून मी कोणाकडून कर्ज काढून घेणार नाही. एकदा केलं तेवढं पुरे. आमचं उत्पन्न म्हणजे झिंग्यांची टोपली.

सरकारी बाजूने एक गोष्ट मात्र जरूर करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे, आणि तिच्यात एक तृतीयांश तरी महिला असायला पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी ती फक्त फाईलमध्ये असते. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या समितीत कोण बाया आहेत? त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमची पाखरांची वही त्या नोंदवहीला जोडून द्या. मग तलावाबद्दल काही ठरवताना तुमच्या हातात कागद असतो.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, २०२० पासून सरकारने जाहीर केलेला. ५ नोव्हेंबर म्हणजे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्ली सर आपल्या नवेगावबांधला वन अधिकारी होते, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. पक्ष्यांची आणि झाडांची नावं त्यांनी धीवरांकडून, गोंडांकडून, गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून विचारून गोळा केली. तेव्हा या सप्ताहात शाळेत कार्यक्रम ठेवाल तर बाहेरचा पाहुणा शोधण्याआधी तुमच्या गावातली एखादी आजी बोलवा.

आणि धान कापताना एक लक्ष ठेवा. सारस. माणसाएवढा उंच, राखी अंग, लाल डोकं. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियात उरलाय, आपल्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याएवढे. तो धानाच्या बांधीतच घरटं करतो, दोन अंडी घालतो. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या संरक्षणासाठी स्वतःहून दखल घेतली होती. तुमच्या शेतात घरटं किंवा पिल्लू दिसलं तर तेवढा तुकडा कापायचा थांबवा, कुत्री आवरा आणि वन विभागाला कळवा. गोंदियात शेतकऱ्यांनी हे केलंय.

माझं बोलणं संपत आलं. आमच्याकडे मंडई झाली की पुढच्या आठवड्यात संस्थेची सभा आहे. तलावाचा जुना ठेका संपतोय, नवीन घेताना बीज कोणतं हे ठरायचंय. कानावर आलंय की गवत्याचं नाव पुन्हा निघणार आहे, कारण गवत परत वाढलंय आणि मोठी जाळी पुन्हा अडकतायत. जाळी खरंच अडकतात, मी पाहिलंय. जाळं ओढायला एक पट्टा मोकळा ठेवायचा, तिथलं गवत दर वर्षी हाताने काढून द्यायचं काम दोन्ही गट करतील, असा आमचा प्रस्ताव आहे. पटेल की नाही, सांगता येत नाही. या वेळी बैठकीत आजी पुढे बसणार आहे. आणि तिच्या बाजूला ती वही, चार वर्षांच्या आकड्यांची, आणि माझ्या अक्षरातला तो जुना ठरावही.

त्याच्या आधी या रविवारी पाळीवर मोजणी आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सहाच्या आत वडाच्या झाडाखाली यायचं. पायात चप्पल नको, बूट किंवा अनवाणी, कारण चिखल आहे. आणि ज्यांना सुनेबद्दल बोलायचं असेल त्यांनी आठनंतर यावं, तेव्हा चहा असतो.

नमस्कार.